रिकामा सपोर्ट

मृण्मयीच्या हातातला खडू फळ्यापाशीच थांबला होता. तिच्या पीएचडीची खुली तोंडी परीक्षा चालू होती. मी तिची मार्गदर्शक, आणि मार्गदर्शकाने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं. म्हणून मी शेवटच्या बाकावर, तिच्या आईशेजारी बसले होते.

"मॅडम, सपोर्ट म्हणजे आधार ना?" आईने हळूच विचारलं.

मी मान हलवली खरी, पण गणितात सपोर्ट म्हणजे टेकू नव्हे. एखादी वस्तू ज्या ज्या बिंदूंवरून पाहिल्यावर शून्य दिसत नाही, ते सगळे बिंदू म्हणजे तिचा सपोर्ट. त्यावरूनच आम्ही वस्तूंचे गट लावतो, त्यांना आयडियल म्हणतो. माणसांचं तरी आपण वेगळं काय करतो? कोण कुठे कुठे दिसतं, त्यावर त्याची जागा ठरते. कुठेच दिसलं नाही, की ते नाहीच.

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं होतं. "सपोर्ट रिकामा निघाला, म्हणजे वस्तू शून्यच ना?"

लहान वस्तूंसाठी उत्तर 'हो' आहे. मृण्मयीच्या प्रबंधातल्या अवाढव्य वस्तूंसाठीही 'हो' म्हणून भलेभले फसतात.

"नाही सर," ती म्हणाली. "आपल्या बिंदूंना ती दिसली नाही, एवढंच म्हणता येईल."

परीक्षक प्रबंधाची पानं मागे उलटू लागले. आईने पदर मुठीत आवळला. "चुकलं का हो तिचं?"

"नाही!" मी मोठ्याने म्हणाले.

सगळी खोली वळून आमच्याकडे बघू लागली. तिच्या आईकडे कुणी पाहण्याची ती सकाळपासूनची पहिलीच वेळ होती.