कामणच्या गोदामातली नोकरी

आमच्या कर्णबधिरांच्या शाळेतली बाकं, सुतारकामाची टेबलं, घंटेऐवजी लागणारे लाल दिवे, सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय. वायरिंगसुद्धा.

मित्रांनो, आज कामणच्या एका गोदामाचे मालक आले होते. माल भरायला आमची शाळा संपवलेली चार मुलं हवी होती. तिथे फोर्कलिफ्ट मागे येताना नुसता भोंगा वाजतो.

म्हटलं, "दिवे मी फुकट बसवतो."

"नको मास्तर, गाड्या भाड्याच्या आहेत. बघून चालायला शिकवलंत ना त्यांना?"

मालक गेल्यावर त्या चौघांतल्या अस्मिताने हातांनी विचारलं, "सर, मला न विचारता नाही म्हणालात?" शिकून दोन वर्षं ती घरीच आहे.

तुम्ही काय केलं असतं? चौघांना कायमची नोकरी, प्रत्येकी महिना अठरा हजार. मी नाकारली.