उंदराचं हेल्मेट

पिंपळे सौदागरला राहायला आल्यावर मी शेजारच्या नानांकडे नारळाच्या वड्या घेऊन गेले. त्यांनी वडी आधी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून तिचं बूड पाहिलं, कडा अंगठ्यानं चाचपल्या आणि मग तोंडात टाकली. डोळे मिटून चावली आणि माझ्या डब्याच्या झाकणावर एक गोल हिरवा स्टिकर चिकटवला.

"पास हाय. बसा."

नाना मूळचे इथलेच. आमच्या पार्किंगच्या जागी त्यांचं ज्वारीचं शेत होतं. हे ते तक्रार म्हणून नव्हे, पत्ता म्हणून सांगत. नोकरी मात्र आकुर्डीच्या दुचाकींच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. चांगल्या मालाला हिरवा स्टिकर, वाया गेलेल्याला लाल, दुरुस्त होण्याजोग्याला पिवळा. नाना निवृत्त झाले, पण खिशातले स्टिकर काही निवृत्त झाले नाहीत. जावयालाही बघायच्या कार्यक्रमातच पिवळा लावला होता म्हणे: "रिवर्क लागंल, पर माल खरा हाय." आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "आपला म्हणून माल पास हुत न्हाई."

सोसायटीच्या वाचनखोलीतलं मुलांचं कपाट नानांच्या ताब्यात होतं. नवं पुस्तक रविवारी सकाळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा नियम. "आजीम्होरं वाचताना जीभ अडखळली, की लाल."

पूर्वी टीव्हीवर 'फटफट्या उंदीर' नावाचं कार्टून लागायचं. सुपाएवढ्या कानांचा हा उंदीर फटफटीवरून मांजरीला गुंगारा द्यायचा. नानांच्या पत्नी, सुमनकाकू, ते बघताना पदर तोंडात कोंबून हसायच्या. काकू गेल्यावर त्या उंदराचा विषय निघाला, की नाना नुसते हसत, बोलत नसत. तो उंदीर नव्या कॉमिक पुस्तकातून परत येतोय म्हटल्यावर त्यांनी ते लगेच मागवलं आणि "सुमनचा उंदीर आला बगा," म्हणत घरोघर दाखवून आले.

सेक्रेटरी देशमुखांना मात्र शंका. "हल्लीच्या कॉमिकमध्ये नुसती मारामारी असते. लहान मुलं आहेत, नाना. तुम्ही पास केलंत तरच कपाटात."

रविवारी खोली भरली. नाना उंदराचा एक आणि मांजरीचा एक, असे आवाज काढून वाचू लागले. मांजर पाण्याच्या टाकीत पडली, उंदीर तिला 'ढेरपोटे' म्हणाला, तेव्हा सगळ्यात आधी देशमुखांच्या आईच हसल्या. मी मनातल्या मनात हिरवा लावून टाकला. एवढ्यात नाना थांबले. त्यांनी पान उजेडात धरलं.

"ट्रिबल सीट चाललाय. बायको-पोराला घिऊन. आन हेल्मेट कुणालाच न्हाई."

आता देशमुखही हसले. "अहो नाना, उंदीर आहे तो! करा पास."

"उंदीर आसंल. गाडी खरी हाय. आमी गाड्या चालायला बनवल्या, पडायला न्हाई."

त्यांच्या खिशातून लाल स्टिकर बाहेर आला. मला राहवेना. "नाना, काकूंसाठी तरी!"

"आपला म्हणून..." एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात मागून जावई म्हणाले, "मामा, मला पिवळा लावला होता की."

नाना जावयाकडे बघत राहिले. मग लाल स्टिकर खिशात गेला आणि पेन बाहेर आलं. पानोपानी उंदराच्या डोक्यावर हेल्मेट चढलं, कानांमुळे जरा कलतंच. बायको-पोरावर पांढरा कागद डकवून त्यांना मागच्या रिक्षात बसवलं. ती रिक्षाही नानांनीच काढली. आधी पिवळा लावला, पुन्हा एकदा वाचून त्यावर हिरवा. त्या पुस्तकाइतकं दुसरं कुठलंच पुस्तक आमच्याकडे फाटेपर्यंत वाचलं गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. त्यानंतर कॉमिकचा दुसरा भाग आला. रविवारी मी वाचायला उघडला, तर पोरांनी मला थांबवलं. "काकू, आधी हेल्मेट!" सगळ्यांनी पेनं काढून हेल्मेटं चढवली. जावयांनी पान उजेडात धरलं, उलटंसुलटं पाहिलं आणि नानांच्या उरलेल्या स्टिकरांतला एक हिरवा काढला.

"मामांचा आहे म्हणून नाही हं," ते म्हणाले. "चांगला आहे म्हणून पास."

मी ओढणी तोंडाशी धरून हसले, आणि मग मला रडू आलं. नानांची फार आठवण येते.