ड वर्गातलं गाव

मेघाताई साळवे एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात होत्या. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, की ताईंच्या हातून कधी एक कागद हरवला नाही. ते खरंच होतं. ताई कागद कुणाला देतच नसत.

निवृत्तीनंतर महिनाभरात घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, आणि मग करायला काही उरलं नाही. ते दोन हजार सोळाचं साल. ताईंच्या पुंडलिकनगरात नळाचं पाणी कधी चार दिवसांनी यायचं, कधी सहा. समोरच्या मोकळ्या प्लॉटांवर मात्र स्लॅबमागून स्लॅब पडत होते आणि त्यांना टँकर बरोबर सापडत होता. अशा दिवसांत पुण्याचा मुलगा प्रशिक सुट्टीवर आला. त्यानं जुन्या कॉम्प्युटरला दोन मोठ्या हार्ड डिस्क जोडल्या आणि म्हणाला, "आई, हा आपला घरचा सर्वर. फोटो, व्हिडिओ, गाणी, सगळं यात टाकायचं. टीव्हीवर लागेल, फोनवर लागेल."

"म्हणजे कुणीबी बघणार?"

"तू परवानगी देशील तोच बघणार."

ताईंच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांनी रंग आला.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी रजिस्टर आणलं गेलं. कचेरीत कागदांचे चार वर्ग असायचे, तेच सर्वरवर आले. अ वर्ग कायमचा, त्यात प्रशिकचं लग्न. ब वर्ग तीस वर्षं, त्यात साखरपुडा आणि व्याही. क वर्गात वाढदिवस. ड वर्ग एक वर्ष ठेवून नष्ट करायचा. त्यात ताईंचे यजमान राजेंद्र यांचे धरणाचे व्हिडिओ.

राजेंद्र एसटीत ड्रायव्हर होते. उभी नोकरी पैठणच्या रस्त्यावर गेली, आणि निवृत्त झाल्यावरही दर रविवारी ते पैठणला जात. तिथं धाकट्या भावाकडं त्यांची आई, कडूबाई, राहायची. आईला भेटून ते जायकवाडीवर जात आणि आटत चाललेलं धरण मोबाइलवर काढत. भेगाळलेला गाळ, मेलेले शिंपले, आणि मागून त्यांचा आवाज, "बघा, पाणी लई खाली गेलंय. मागच्या रविवारपेक्षा लई खाली." असे दोनशे चौदा व्हिडिओ झाले.

"अहो, मूळ प्रत इथं जमा करायची आणि फोन रिकामा करायचा," असा ताईंचा हुकूम होता. राजेंद्र निमूट करायचे. स्वतःचाच व्हिडिओ पुन्हा बघायचा असला, तर रजिस्टरमध्ये सही करून बघायचे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. धरण आणि हार्ड डिस्क एकाच सुमारास भरली. ताईंनी रजिस्टर उघडलं, ड वर्गाची मुदत संपल्याची खात्री केली आणि दोनशे चौदा व्हिडिओ नियमाप्रमाणे नष्ट केले. रिकाम्या जागेत प्रशिकच्या लग्नाची दुसरी प्रत टाकली आणि समाधानानं चहा ठेवला.

त्याच आठवड्यात कडूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात आली. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा लागला. तिनं आधी सुनेकडं नीट पाहून घेतलं. "मेघे, तू तर लई जाड झालीस," ती म्हणाली. मग टीव्हीसमोर बसली. "आता दिसाया लागलं. माझं गाव दाव."

"कुठलं गाव, आत्या?"

"आगं, धरणात गेल्यालं. गेल्या सालच्या उन्हाळ्यात वर आलं व्हतं न्हवं? राजानं मला नेलं व्हतं. म्या माझ्या घराच्या जोत्यावर उभी राहिले, पर डोळ्याला निस्ता धूर. राजानं समदं मोबाइलात काढलंय. म्हणला, डोळे झाल्यावर बघ."

ताईंनी हातातला रिमोट पाठीमागं घेतला. ते गाव पुन्हा पाण्याखाली होतं. परत कधी वर येईल, ते कुणी सांगावं?

"डॉक्टर म्हणाले, आठ दिवस टीव्ही नको," ताई म्हणाल्या.

"त्यो तर म्हणला, खुशाल बघा."

"तो लहान डॉक्टर होता, आत्या."

मग ताईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून प्रशिकला फोन लावला. त्यानं एवढंच विचारलं, "डिलीट केल्यावर त्या जागेवर दुसरं काही टाकलंस का?"

"तुझं लग्न टाकलं."

"मग काही खरं नाही, आई."

तीन दिवस सर्वर 'दुरुस्तीला' होता. चौथ्या दिवशी सकाळी ताईंनी राजेंद्रना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला आणि विचारलं, "आईला काय सांगू?" एकतीस वर्षांत एक कागद न हरवलेल्या बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याकडं बघवेना.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे अनंतराव वर आले. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. दोन्ही घरांत इंटरनेट एकच, भागीदारीत घेतलेलं. मास्तर जरा रागातच होते.

"मेघाताई, धरणाचं बंद का केलंत? आठवडा झाला, दिसत नाही."

"तुम्हाला कुठं दिसतं ते?"

"आमच्या टीव्हीवर. 'साळवे, ड वर्ग.' मी रोज जेवताना बघतो. राजेंद्रराव काय छान सांगतात!"

"आणि परवानगी कोणी दिली तुम्हाला?"

"टीव्हीनं कधी मागितली नाही हो. सगळंच दिसतं. साखरपुड्यात तुमच्या व्याह्यांचं जेवणावरून भांडण झालं, ते आमच्या हिनं, पद्मजानं, दोनदा पाहिलं."

ताई खुर्चीत बसल्या. पुन्हा फोन केल्यावर प्रशिकनं चाचरत कबूल केलं, की पहिल्या दिवशी त्यानं सगळी फोल्डरं सगळ्यांना खुली ठेवली होती. नंतर बंद करायची राहिली. परवानगीचं सगळं राज्य त्या दोनशे पानी रजिस्टरातच चाललं होतं. सर्वरला त्याचा पत्ताच नव्हता.

राजेंद्रनी मात्र मास्तरांचा हात धरला. "मास्तर, एखादा तरी उतरवून घेतलाय का?"

"एखादा? सगळे घेतलेत. नातीला जलाशय शिकवायचाय."

"विनापरवाना?" ताईंच्या तोंडून सवयीनं गेलं. मग त्या लगेच म्हणाल्या, "मास्तर, आणा लवकर. चहा टाकते."

पेन ड्राइव्ह टीव्हीला लागला. सगळ्या फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे. त्यामुळं कडूबाईला सत्तावन्न वेळा 'पाणी लई खाली गेलंय' ऐकावं लागलं. "राजा, कळलं रं मला!" ती वैतागून म्हणाली. अठ्ठावन्नाव्या व्हिडिओत गाळातून वर आलेलं दगडी जोतं दिसलं, आणि त्याच्यावर हात पसरून उभी असलेली ती स्वतः.

कडूबाई उठून टीव्हीपाशी गेली. काचेवर बोट टेकवून म्हणाली, "हितं चूल. हितं म्हस बांधायची. ह्यो कोपरा सासूचा, हितं बसून शिव्या द्यायची." मग ती अचानक हसायला लागली. "एवढंसं व्हतं का गं घर? आन् मला वाटायचं, झाडून झाडून पाठ मोडंल." हसता हसता तिनं चष्म्याखालून डोळे पुसले. ताई म्हणाल्या, "आत्या, डोळ्याला हात लावू नका," आणि आपल्या पदरानं हलकेच टिपून दिले.

त्या दिवशी ताईंनी तो व्हिडिओ चार वेळा लावला, एकदाही सही न मागता. दिवेलागणीला प्रशिकनं फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि त्यांनी फोल्डरांना खरी कुलपं लावली. व्याह्यांचं फोल्डर सगळ्यांत आधी बंद झालं. धरणाचं मास्तरांसाठी खुलं राहिलं, आणि रजिस्टरातला ड वर्ग लाल शाईनं कायमचा रद्द झाला. सगळ्याची एक जादा प्रत तिसऱ्या डिस्कवर काढून ती मास्तरांच्या कपाटात ठेवायची असं ठरलं.

डिस्क द्यायला ताई स्वतः खाली गेल्या. मास्तर म्हणाले, "ठेवा विश्वासानं." ताईंनी विश्वासानं ठेवली, आणि दोन प्रतींत पोच लिहून घेतली.