आधी चहावाल्याचे पैसे

हसू नका म्हणून हात जोडतो, पण हसानच तुम्ही! उधारीत बुडालेले लोक लय पाह्यले असान. उधारी फेडता फेडता बुडालेला पाह्यला का कधी? पाहून घ्या. हा तुमच्यासमोर चहा पिऊन राह्यला तो!

पन्नास-पंचावन सालची गोष्ट. धानोऱ्याच्या शाळेत मी नवाच मास्तर. पगार एवढासा आन् हौस एवढी मोठी! चहावाल्या गणपतची उधारी, रहीमभाई टेलरची उधारी, आन् किराणावाल्या शेटची तर इचारूच नका.

बायको माहेरी, नागभीडले गेली होती. जाताना बजावून गेली, "मी आल्यावर एकबी माणूस उधारी मागाले आला ना, तर त्याच मोटारीनं वापस जाईन!" आन् बाई बोलते तसंच करते बरं! इकडे तिच्याबिगर घर मले खायाले उठे. शनिवारी ती येणार होती.

मग मी डोकं लावलं. शेटची उधारी मोठी, वरून व्याज. कोणताही शहाणा ती आधी फेडन. पण मी शिकलेला ना! म्हटलं, लहान उधारी आधी उडवू. एकेक तोंड बंद होईन, जिवाले हुरूप येईन. पगार हातात पडल्याबरोबर गणपतच्या हॉटेलात गेलो आन् त्याचे सारे पैसे टेबलावर ठेवले.

गणपतच्या हातातली केटली तशीच राह्यली.

"काऊन मास्तर? बदली झाली का?"

"छे! कोण म्हणते?"

"मंग पैसे काऊन देऊन राह्यले?"

आता बोला! तिथी सरकारी माणूस चहाची उधारी बदली झाल्यावरच फेडे. हा रिवाज मले कोण सांगणार?

"बदली नाई रे बाप्पा!"

"जंगलखात्याचे मागचे नाकेदारसाहेबबी असंच म्हणत होते," गणपत डोळे पुसत म्हणाला. आन् संध्याकाळी मले निरोप द्याले घरी आला तर काखेत कोंबडा!

मागोमाग रहीमभाई, गळ्यात टेप तसाच. "मास्टर, हमको पराया समझे? जाणाऱ्याकडून पैसे घेऊ का मी? माफ!" मग पोरांचे मायबाप आले. कोणी चारोळी आणली, कोणी मध, कोणी तांदूळ. "मी जात नाई" म्हणासाठी तोंड उघडावं, तर समोरची म्हातारी हुंदका दे.

इथीच माझी मती फिरली. म्हटलं, एवढ्या प्रेमानं देतात, घे लेका! चारोळी, मध, तांदूळ, सारं उचललं आन् शेटच्या दुकानात नेऊन टाकलं. शेटनं मोजलं आन् खातं साफ! वा रे मी! तिन्ही तोंडं बंद, तेबी शनिवारच्या आधी!

शनिवारी शाळेसमोर निरोपाचा कार्यक्रम. गळ्यात हार. हेडमास्तरांनी माझं असं गुणगान केलं की मलेच रडू आलं. एवढ्यात मोटार आली. बायको उतरली, तशी लोकांनी तिची ट्रंक उचलून पुन्हा टपावर चढवली!

"बसून राहा बाई, मास्तर येऊनच राह्यले!"

बायकोनं माझ्याकडे पाह्यलं. आता बोललो नाई तर बायकोसंग मीबी मोटारीत!

"मी कुठीच जाऊन नाई राह्यलो हो!" मी ओरडलो. "मी फक्त उधारी फेडत होतो!"

मग गणपत हळूच म्हणाला, "मंग माझा कोंबडा?"

कोंबडा मी दुपारीच खाल्ला होता.

असं हसले लोक, असं हसले! हेडमास्तर खुर्चीतून पडता पडता राह्यले. मग कोणी म्हणे माझा मध, कोणी म्हणे माझे तांदूळ. रहीमभाई म्हणे, "मास्टर, माफी वापस!" आधी तिघांची उधारी होती, आता अख्ख्या गावाची!

मी मान खाली घालून मोटार सुटाची वाट पाहून राह्यलो. बायकोनं पदर खोचला, सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली आन् टपावरच्या क्लीनरले हाक मारली,

"ट्रंक खाली काढ रे भाऊ! यांले एकटं सोडलं तर सारा चांदा जिल्हा उधार करून ठेवतीन!"