उंच धुरांड्याचा धूर

माझ्या आत्याला घरात सगळे काजळी म्हणतात आणि तिला त्याचा राग येत नाही. ध्रुवाजवळच्या केंद्रात एक पंप हवा ओढतो, ती हवा पांढऱ्या गोल कागदातून गाळली जाते, आणि ते कागद आमच्या गावातल्या प्रयोगशाळेत आत्याकडे येतात. त्या ओसाड बर्फात ना गाड्या ना कारखाने, तरी कागद करडे होऊन येतात. त्यावर काय बसलंय ते बघायचं, मग वाऱ्याच्या नोंदी घेऊन हवेचा रस्ता नकाशावर मागे मागे काढत जायचा. या कामात तिच्या पाठीचा काटा ढिला होतो.

या हिवाळ्यात त्या रेघा पुन्हा पुन्हा आमच्याच गावावर यायला लागल्या. केंद्राच्याच जनरेटरचा धूर वाऱ्याने पंपाकडे येत असताना तिथल्या कुणा आळशाने पंप बंद केला नसेल, असं म्हणून आत्याने त्याला खुशाल नावं ठेवली. पण कागदांवर तांबंही सापडलं होतं, आणि जनरेटरच्या धुरात एवढं तांबं कुठून येणार? तांबं वितळवणारा कारखाना आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. माझे बाबा तिथेच भट्टीवर असतात.

खरी मेख पुढेच आहे. पूर्वी कारखान्याचं धुरांडं बुटकं होतं. वाळत घातलेल्या चादरी काळ्या व्हायच्या, बाबा खोकून बेजार व्हायचे. तेव्हा भावासाठी आत्यानेच कारखान्याच्या दारात ठाण मांडलं, साहेबांचं डोकं खाल्लं आणि धुरांडं उंच करून घेतलं. बाबा रात्री शांत झोपू लागले. आम्ही तिला डोक्यावर घेतलं. धूर गेला कुठे, हे कुणीच विचारलं नाही. पुढे नेमकी त्याचाच माग काढायची नोकरी तिच्या वाट्याला आली, याची मला अजून चीड येते.

परवा जेवताना तिने बाबांना सगळं सांगितलं. धूर गाळायची यंत्रणा मालक बसवणार नाहीत, फार तर भट्टीला कुलूप लावतील, असं तिच्या वरिष्ठांचं म्हणणं होतं. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"काजळे, तूच सांग. भट्टी बंद करायची, की धुरांडं परत खाली आणायचं?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना खरंच तिच्याकडून उत्तर हवं होतं.

आज सकाळी तिचा विसरलेला डबा द्यायला मी प्रयोगशाळेत गेले. केंद्राला पाठवायचे कोरे कागद ती चिमट्याने उचलून पाकिटात भरत होती.

"इतके पांढरे पाठवते," ती म्हणाली, "आणि परत कसे येणार ते मला आत्ताच माहीत आहे."

तिने पाकीट चिकटवलं. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. बाबांची पाळी सुरू झाली होती.