बिनझोताचा शॉट

सकाळी नऊ वीसला तैसिया कोंद्रातिवना थॅलियमच्या आयनांचा झोत नळीच्या मधोमध आणत होती. हा झोत तापलेल्या प्लाझ्मातून पार होतो, आणि आतली घनता किती डळमळते ते बाहेर डिटेक्टरवर उमटतं. खारकिवच्या या प्लाझ्मा प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये झोत सांभाळणारी ती एकटीच उरली होती. शेजारच्या खुर्चीत पूर्वी तिचा सहकारी रोदिओन बसायचा. तो माद्रिदला गेल्यापासून खुर्चीवर तिचा कोट असतो.

आठवडाभर पडद्यावर दर शॉटला, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याच्या दर खेपेला, एक लाट दिसत होती. ती प्लाझ्माच्या गाभ्यातली ठरली, तर झोताला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाहीतर वसंतात ही जागा दुसऱ्या गटाची.

रोदिओनचा फोन आला. "कोंद्रातिवना, लाटेवरचा शोधनिबंध तयार आहे. आजचे शॉट पाठवा, की झालं."

"आधी एक बिनझोताचा घेते. लाट खरी असेल, तर झोत बंद केल्यावर दिसायला नको."

"तो झाला असेल ना कधीच?"

"ते काम कोणाचं होतं?"

"माझं."

"मग तू गेल्यावर कोणी केलं?"

तिने फोन ठेवला.

यंत्र चालवणाऱ्या हनातला तिने माइकवरून सांगितलं.

"झोताशिवाय? शॉट काय नळाचं पाणी आहे, बाई?"

"एकच. पुढचा तुमच्या मर्जीने."

"माझ्या मर्जीने मी जेवायला जातो."

भोंगा झाला. चुंबक घुमले, थांबले. झोत बंद होता. लाट मात्र पडद्यावर होती, तेवढीच उंच.

तिने रोदिओनला फोन लावला. "तशीच आहे."

"थोडी तरी कमी?"

"नाही."

"म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट. अर्थिंग सैल असेल." मग हळूच, "कोणाला सांगितलंत?"

"तुला."

"महिनाभर गप्प बसलो तर..."

"निबंध रद्द कर, रोदिओन."

त्याच्याकडे कोणीतरी स्पॅनिशमध्ये हाक मारली. "जा, बोलावतायत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

प्रमुखांना तिने उभ्याउभ्याच सांगितलं. ते म्हणाले, वसंतात जागा दुसऱ्या गटाला द्यायचं ठरलंय, तसंच होईल. परत आली तेव्हा हॉलमधले सगळे जेवायला गेले होते. बरणीतला गार कुट्टूचा भात तिने पडद्यासमोरच संपवला आणि आठवड्याच्या सगळ्या शॉटांवर 'अग्राह्य' असा शेरा मारला.

उद्या सकाळी आठ ते नऊ हॉलची वीज बंद असणार होती. अर्थिंगच्या तारा उघडायला तिला तेवढाच वेळ मिळणार होता.