बक्खालीचा पळता डाग

विनीता सबनीस काळे कपडे घालून घराबाहेर पडली की खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, म्हणजे माशिमा, गॅलरीतून विचारायच्या, "आज कुणाला उचलून बाहेर टाकायचंय?"

विनीता कुठल्यातरी मॉलमध्ये बाउन्सर आहे अशी माशिमांची पक्की समजूत होती. काळी पँट, पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट, काळी टोपी, काळे बूट. पाठीवर एक पेटी, पेटीतून निघालेली केबल आणि केबलच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. पंचेचाळिशीची, चष्मा लावणारी, जेमतेम पाच फुटांची बाई बाउन्सर कशी असेल, असा प्रश्न माशिमांना पडला नाही. मराठी बाई म्हटल्यावर त्यांना सगळंच शक्य वाटायचं. मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला कलकत्त्याभोवती जो खंदक खणायला घेतला, त्याची सुरुवात इथल्याच बागबाजारातून. "एवढं खणलं आमच्या लोकांनी, आणि शेवटी तुम्ही आलातच. वर माझाच मजला भाड्याने घेतलात," असं माशिमा अधूनमधून ऐकवायच्या, आणि ऐकवून झालं की वाटीभर पायेश, म्हणजे तांदळाची खीर, पाठवायच्या.

विनीता खरं तर वाळू मोजायला जायची. तिचा नवरा शरद सरकारी बँकेत अधिकारी. त्याची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा विनीता चिंचवडला रंगांच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करत होती. गिऱ्हाईक जुन्या दाराचा टवका घेऊन यायचं आणि म्हणायचं, "अगदी हाच पाहिजे." विनीता टवका यंत्राखाली धरायची, त्यावरून परतणाऱ्या उजेडाची रेघ बघायची आणि त्या रेघेला रेघ जुळेपर्यंत रंग कालवत राहायची. त्या सवयीपायी तिला साध्या क्रीम रंगाचेही एवढे प्रकार दिसायचे, की घराच्या भिंती रंगवायची वेळ आली तेव्हा शरद टूर काढून निघून गेला होता.

कलकत्त्यात तिला नोकरी मिळाली ती एस्प्लनेडजवळ, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. अर्णव दत्त नावाच्या उत्साही गृहस्थांनी तिथे छोटी कंपनी काढली होती. त्यांच्याकडे ड्रोनवर बसवायचा एक अजब कॅमेरा होता. साधा कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा एवढंच जाणतो, बाकी सगळी भेसळ. अर्णवदांचा कॅमेरा उजेडाचे शेकडो बारीक तुकडे करायचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारेसुद्धा. कोरडी वाळू, ओली वाळू, चिखल, मिठाचा थर, सुरूच्या वाळक्या काड्या, प्रत्येकाची वेगळी रेघ उमटायची. रेघ ओळखली की खाली काय पसरलंय ते वरूनच सांगता यायचं.

फक्त ते खरं आहे का, हे कुणीतरी खाली जाऊन तपासायला हवं. ते कुणीतरी म्हणजे विनीता. तिने किनाऱ्यावर उन्हात उभं राहायचं, मूठ वाळूवर रोखायची आणि कळ दाबायची. रंगीत कपड्यांचा उजेड वाळूवर पडून मोजमाप बिघडतं म्हणून काळा पोशाख. आणि दर वेळी आधी एका पांढऱ्याशुभ्र पाटीवर मोजून घ्यायचं. ही पाटी तळहाताएवढीच, पण तिला बोट लागलेलं चालत नाही, धूळ चालत नाही, तेलाचा तर वाससुद्धा नको. विनीता तिला सोवळ्यातल्या देवासारखी जपायची. लेक अनुजा एकदा लुचीच्या तेलकट हाताने पाटीजवळ गेली तर विनीता अशी किंचाळली की माशिमा जिना चढून वर आल्या.

फेब्रुवारीत कंपनीला बक्खालीच्या किनाऱ्याचं काम मिळालं. कुठे नुसती वाळू, कुठे चिखल, कुठे झाडोरा, याचा नकाशा एका सरकारी खात्याला करून द्यायचा होता. ड्रोन उडाला, चित्रं आली, संगणकाने वाळूला पिवळा आणि चिखलाला करडा रंग दिला. आणि मधेच, लाटांपासून थोड्या अंतरावर, फुटबॉलच्या मैदानाएवढा एक भाग त्याला ओळखताच आला नाही. त्याची रेघ ना वाळूची, ना चिखलाची. निळ्या-हिरव्याकडे दबलेली आणि लालकडे एकदम उसळलेली.

अर्णवदा खुर्चीतून उठले. "गार्नेट!" ते म्हणाले.

"काय?"

"लाल खनिज, विनीतादी! काही किनाऱ्यांवरच्या वाळूत असतं. आपल्याला सापडलंय!"

त्यांनी खालून नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश नावाचे पेढे मागवले, सगळ्यांना वाटले, आणि विनीताचा पहिला संदेश तोंडात असतानाच खात्याला फोन करून मोकळे झाले.

विनीता बक्खालीला गेली. यंत्रावर बघून अचूक त्या जागी उभी राहिली आणि मूठ रोखली. निघाली साधी वाळू. दहा पावलं पुढे गेली, तीही साधी वाळू. भोवती पर्यटक जमले. एका आजोबांनी टोपी काढून कपाळ पुढे केलं, त्यांना वाटलं ताप बघतायत. त्यांच्यामागे त्यांचं कुटुंब रांगेत उभं राहिलं. एक तरुण अजिजीने म्हणाला, "दीदी, लग्नातली अंगठी इथेच पडली हो, जरा फिरवा ना." विनीताने त्याला समजावलं की हे सोनं शोधायचं यंत्र नव्हे. तो म्हणाला, "बायकोसमोर तरी फिरवा." मग तिने फिरवलं. वाळूत सगळीकडे चाळणीसारखी भोकं होती. विनीताने ती पाहिली, पण तिचं लक्ष रंगाकडे, आणि भोकांचा रंग वाळूचाच होता.

पुढच्या आठवड्यात ड्रोन पुन्हा उडाला. डाग होता, पण चांगला लांब सरकलेला.

"वाळू वाहते," अर्णवदा म्हणाले.

"वाळू वाहते, पण सगळी लाल वाळू एकत्र ठरवून निघाल्यासारखी कशी वाहील? आणि ही रेघ बघा. गार्नेटमध्ये लोखंड असतं, त्याच्या रेघेत पुढे खोलगट भाग यायला हवा. ही खाली उतरतच नाहीये."

"मग काय आहे?"

ते विनीतालाही ठाऊक नव्हतं, आणि जुळत नसलेली रेघ मनात घेऊन झोपणं तिला चिंचवडपासून कधी जमलं नव्हतं. रविवारी यंत्र चार्जिंगसाठी घरीच होतं. तिने गॅलरीतल्या उन्हात काळी चादर अंथरली आणि घरातली लाल वस्तू न् वस्तू बाहेर काढली. कुंकू. तिखट. अनुजाची वॉटरबॅग. शरदचा टॉवेल. आंघोळीची बादली. माशिमांना खालून बोलावून त्यांच्या हातातला लाल पोलाही मोजला.

"मॉलमध्ये आता बांगड्यासुद्धा तपासतात?" माशिमांनी विचारलं.

काहीच जुळेना. शरद स्वयंपाकघरात गाजरं किसत बसला होता. विनीताने येऊन त्याच्या हातातलं गाजर काढून घेतलं.

"अगं, हलव्याचं आहे ते!"

"दोन मिनिटं हो."

गाजराची रेघ बरीच तशीच होती. मग तिने टोमॅटो धरला. आणखी जवळ. विनीताने टोमॅटो हातात धरून मोठा श्वास घेतला. शरदने घाबरून गॅस बंद केला.

सोमवारी तिने अर्णवदांना सांगितलं, "खनिज नाहीये ते. टोमॅटोच्या घराण्यातलं काहीतरी आहे."

अर्णवदांनी विचारलं, "म्हणजे बक्खालीच्या किनाऱ्यावर फुटबॉलच्या मैदानाएवढा केचप सांडलाय?"

"मी केचप म्हटलं नाही."

"आणि तो केचप चालतो."

"मला परत जाऊ द्या," विनीता म्हणाली.

या वेळी शरद रजा काढून बरोबर आला. मागच्या खेपेला लोकांनी ताप मोजून घेतल्याचं ऐकून त्याला काळजी वाटली होती, असं तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला समुद्र बघायचा होता. दोघं गर्दीपासून लांब गेली. विनीताने तिवई रोवली, मूठ खाली तोंड करून बसवली, तिच्याखाली पांढरी पाटी ठेवली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन चटईवर बसली. एक पातळ ढग सूर्यावर आला होता. तो जाईपर्यंत मोजता येणार नव्हतं. शरदने डब्यातली धपाटी खाल्ली, "अगदी शांत आहे गं," म्हणाला आणि आडवा होऊन झोपून गेला. विनीता त्याच्यावर चिडून गप्प बसली. किनाऱ्यावर काही म्हणता काही हलत नव्हतं.

ढग सरला. आणि तिला वाटलं, वाळूला पुरळ उठतंय.

आधी एका भोकातून दोन काड्या वर आल्या. काड्यांच्या टोकाला डोळे. मग शेजारच्या भोकातून, मग त्याच्या शेजारच्या. शेंदरी-लाल, चकचकीत, बटाटेवड्याएवढे खेकडे. बघता बघता लाटांपर्यंतची सगळी वाळू लाल झाली आणि तिरकी तिरकी चालायला लागली.

विनीता घरातल्या झुरळालाही घाबरणारी बाई. चार पायांच्या पुढे पाय असलेल्या कुठल्याही प्राण्याशी तिचा संबंध नव्हता. तिला ओरडायचं होतं. पण एक बोट हलवलं तरी हे सगळे आत जाणार, आणि मागच्या खेपेला तेच झालं असणार, हे तिला एकदम उमगलं. बूट आपटत आली होती ती! तेवढ्यात एक धीट खेकडा पाटीच्या कडेशी आला. त्याने पाटीवर एक पाय ठेवला. मग दुसरा. त्या पाटीवर, जिला विनीताने स्वतःचं बोटसुद्धा कधी लावलं नव्हतं! वाळूचे ओले ठसे उमटवत तो बरोबर मधोमध, मुठीच्या खाली जाऊन उभा राहिला आणि फोटो काढून घ्यायला आल्यासारखा थांबला.

विनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नुसती करंगळी सरकवून लॅपटॉपची कळ दाबली.

पडद्यावर रेघ उमटली. दबलेली, मग उसळलेली. ड्रोनच्या रेघेवर ठेवली तर केसाएवढं अंतर.

"अहो," ती ओठ न हलवता म्हणाली. "अहो, जुळली."

शरदने डोळे उघडले. त्याच्या पोटावर धपाट्याच्या तुकड्यासाठी आलेला एक खेकडा डोळे वर करून त्याच्याकडे बघत होता. शरदने बँकेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी काढला नसेल असा आवाज काढला, आणि अख्खा किनारा क्षणात पिवळा झाला.

विनीताने तिथूनच फोन लावला. "अर्णवदा, तुमच्या खनिजाला पाय आहेत. खेकडे आहेत ते, लाल खेकडे. त्यांच्या कवचातला रंग गाजर-टोमॅटोच्याच घराण्यातला."

मग अर्णवदांनी जड आवाजात विचारलं, "खाता येतात का?"

"मला काय माहीत? मी गाजराच्या पलीकडे गेलेली नाही."

"बक्खालीचे लाल खेकडे अख्ख्या बंगालला माहीत आहेत, विनीतादी," अर्णवदा कळवळून म्हणाले. "मी स्वतः लहानपणी त्यांच्यामागे धावलोय. मला का नाही सुचलं?"

"तुम्ही संदेश मागवलेत ना, मग सुचायला वेळ कुठे मिळाला?"

आता खात्याला काय सांगायचं, हा प्रश्न होता. अर्णवदांनी ते काम विनीतावर सोपवलं आणि स्वतः तिच्या मागच्या खुर्चीत बसले. नकाशात तिने पिवळ्या-करड्यांच्या यादीत एक नवा रंग घातला होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, "लाल खेकडे (जागा बदलतात)". खात्याचे मोठे साहेब बंगाली होते, जाडजूड होते आणि त्यांना विनोद आवडत नसे. ते म्हणाले, "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी हे मान्य करणार नाही."

म्हणून एका सकाळी साहेब, त्यांचे सहायक, सहायकांचे सहायक आणि अर्णवदा असा लवाजमा बूट वाजवत बक्खालीच्या वाळूवर आला. अर्थातच समोर नुसती भोकं.

"कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"बसा," विनीता म्हणाली.

"कुठे?"

"वाळूत. सगळ्यांनी. मोबाइल बंद. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही." तिचं बंगाली अजून चिंचवडच्या वळणाचं होतं, त्यामुळे विनंती करायला गेली की हुकूम व्हायचा. खात्यातली माणसं निमूट बसली. थोड्या वेळाने डोळ्यांच्या काड्या वर आल्या, आणि तेवढ्यात अर्णवदांना शिंक आली. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढची शिंक त्यांनी रुमालासकट गिळली. पुन्हा पहिल्यापासून वाट बघणं सुरू झालं.

मग वाळू लाल झाली. या वेळी पहिल्याहून दाट. साहेबांच्या बुटाला वळसा घालून एक खेकडा गेला, त्याच्यामागून दुसरा. एक थांबला आणि साहेबांच्या बुटाच्या नाडीला चिमटा काढून बघू लागला. साहेब हलले नाहीत. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"उठलो तर जातील का हो हे?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"जातील," विनीता म्हणाली.

"मग बसू या थोडं."

ती सगळी बसून राहिली. भरती चढू लागली. पाणी साहेबांच्या पँटपर्यंत पोचलं तेव्हा आधी खेकडे आत गेले, आणि मग साहेब उठले.